दहावा माणूस

ऑक्टोबर लागला की झेंडूच्या फुलांबरोबर आम्हांला आठवण होते ती चलानांची. मध्य प्रदेश शासनाच्या कारखाने निरीक्षणाच्या खात्यात आम्ही १९८६ साली रुजू झालो आणि २०२२ साली निवृत्त झालो. या छत्तीस वर्षांतील बहुतेक ऑक्टोबर एकाच कामात गेले. कारखान्याचा परवाना ३१ डिसेंबरला संपे आणि नूतनीकरणाचा अर्ज त्याच्या दोन महिने आधी दाखल व्हावा, असा दंडक होता. त्यामुळे दिवाळीचा फराळ आणि अर्जांचे गठ्ठे एकदमच टेबलावर येत. फराळाचे डबे ठेवून घ्यावयाचे की परत पाठवावयाचे, हा प्रश्नही त्यांच्याबरोबरच येई, आणि त्याचे उत्तर प्रत्येक अधिकारी आपापल्या कुवतीप्रमाणे देई.

आमच्या कार्यालयाची भाषा हिंदी. तेथे परवान्याला ‘अनुज्ञप्ति’ म्हणत आणि कारखान्याचा ताबा ज्याच्याकडे असेल त्याला ‘अधिभोगी’. महाराष्ट्रात त्यालाच भोगवटादार म्हणतात. आमच्या मातोश्रींनी हा शब्द प्रथम ऐकला तेव्हा त्यांना वाटले की, हा कोणी दीर्घकाळ व्याधी भोगीत असलेला गृहस्थ असावा. अर्ज घेऊन आमच्या दारात उभ्या राहिलेल्या काही अधिभोग्यांची मुद्रा पाहता त्यांचा तर्क अगदीच चुकीचा नव्हता. बाजारात मात्र या सगळ्याला एकच शब्द होता, लायसन.

आता, कारखाना म्हणावे तरी कशास? १९४८ च्या कारखाने अधिनियमाने याचे उत्तर आकड्यात दिले होते. विजेचा किंवा अन्य यंत्रशक्तीचा वापर असेल आणि मागील बारा महिन्यांत कोणत्याही एका दिवशी १० किंवा अधिक माणसे कामावर असतील, तर ती जागा कारखाना; यंत्रशक्ती नसेल तर २०. वर्षातून एक दिवस दहा माणसे राबली, एवढे पुरे. हा दहाचा आकडा सहजासहजी हाती आलेला नाही. १८८१ चा पहिला कायदा १०० माणसे जेथे राबत तेवढ्यांपुरताच होता. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या, त्यांची गाऱ्हाणी सरकारच्या कानी घातली. १८९१ साली शंभराचे पन्नास झाले, १९२२ साली वीस आणि स्वातंत्र्यानंतर दहा. शंभरावरून दहावर उतरावयास सदुसष्ट वर्षे लागली.

दहावर आकडा आला आणि देशात नऊ माणसांचे उद्योग उदंड झाले. आमच्या चाकरीत आम्ही नऊ माणसांच्या इतक्या कार्यशाळा पाहिल्या की, पुढे पुढे नऊ हा आकडा ऐकला की आम्हांला हसू येई. पण एका नवाच्या आठवणीने येत नाही. त्याच्याविषयी हे लिहीत आहोत.

परवाना काढणे म्हणजे मालकाला काय काय करावे लागे, हे आधी थोडे सांगितले पाहिजे. नाही तर पुढच्या गोष्टीतील माणसावर अन्याय होईल. प्रथम जागेचा आणि इमारतीचा नकाशा. त्यात प्रत्येक यंत्र, दार, खिडकी, मुतारी दाखविलेली. माणशी १४.२ घनमीटर हवा मिळाली पाहिजे, आणि ती मोजताना ४.२ मीटरच्या वरची उंची धरावयाची नाही. छत कितीही उंच असो, माणूस काही तेथवरचा वारा घेत नाही. पिण्याचे पाणी मुतारीपासून ६ मीटर दूर, त्यावर कामगारांना वाचता येईल अशा भाषेत पाटी. एका ठिकाणी आम्ही ही पाटी इतक्या सुरेख वळणाने रंगविलेली पाहिली की, नळ कोरडा आहे हे लक्षात येण्यास वेळ लागला. असो. नकाशा मंजूर झाला की इमारतीच्या स्थैर्याविषयी इंजिनियरचा दाखला, मग परवान्याचा अर्ज, आणि अश्वशक्ती व कामगारांची कमाल संख्या पाहून ठरलेले शुल्क कोषागारात भरल्याचे चलान. नकाशे नोंदणीकृत टपालाने पाठवावेत आणि तीन महिन्यांत उत्तर आले नाही तर मंजुरी मिळाली असे समजावे, ही सोय कायद्यातच होती. एका हुशार गृहस्थांनी ती टपालाची पावती चौकटीत बसवून भिंतीवर लावली होती.

आमची उमेदवारी ज्या काळात झाली तो काळ भोपाळच्या सावलीतला. २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री जे घडले तेव्हा आम्ही इंदूरला यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेऊन नोकरी शोधीत होतो. त्यानंतर १९८७ साली कायदा दुरुस्त झाला. घातक प्रक्रियांवर स्वतंत्र प्रकरण आले, शिक्षा दोन वर्षांच्या कैदेपर्यंत आणि दंड एक लाखापर्यंत गेला, आणि कंपनीचा अधिभोगी म्हणजे तिच्या संचालकांपैकीच कोणीतरी असे ठरले. तोवर एखाद्या पगारी मॅनेजरला पुढे करून संचालक मागे राहू शकत. त्यांनी या तरतुदीविरुद्ध सर्वोच्च न्यायालय गाठले. १९९६ साली न्यायालयाने ती कायम ठेवली. हे सर्व योग्यच झाले. परंतु त्या वर्षांत वरिष्ठांची आणि आमचीही सगळी नजर वायूच्या टाक्यांकडे लागलेली असे. गल्लीतील पत्र्याच्या डब्यांच्या कार्यशाळेकडे पाहण्यास कोणाला सवड नव्हती, आणि सवड नसणे कधी कधी किती सोयीचे असते ते आम्हांला तेव्हा कळले नव्हते.

आमचे वडील इंदूरच्या एका कापड गिरणीत टाइमकीपर होते. दाराशी उभे राहून माणसे मोजणे हेच त्यांचे आयुष्यभराचे काम. त्याच गिरणीत अण्णा फिटर होते. अण्णा आमचे नातलग नव्हेत. परंतु १९८१ साली वडील आजारी पडले, त्यांचा पगार कापला जाऊ लागला आणि आमच्या शेवटच्या वर्षाची फी भरण्याची तारीख येऊन ठेपली, तेव्हा ती अण्णांनी भरली. पुढे आम्ही पैसे परत नेऊन दिले तर घेतले. त्यांनी त्याचा उच्चार मात्र कधीही केला नाही. गिरण्यांचे दिवस फिरले तेव्हा अण्णांनी हिशेबाचे पैसे घेऊन शहराच्या उत्तरेला नमकीनचे आणि तेलाचे पत्र्याचे डबे करण्याची कार्यशाळा काढली. पत्रा कापण्याचे एक यंत्र, दोन पॉवर प्रेस, डब्याचे तोंड वळविण्याचे एक यंत्र आणि डाग देण्यासाठी एक लांब टेबल.

१९९३ च्या ऑक्टोबरात त्या भागातील परवाना नसलेल्या जागा पाहण्याचे काम आमच्याकडे आले. यादीत अण्णांची जागा होती. आम्ही दारात उभे राहिलो तेव्हा माणसांसमोर त्यांनी “या साहेब” म्हटले आणि आत नेऊन “बस रे” म्हटले.

“किती जण आहेत, अण्णा?”

“नऊ. मोजून घे.”

आम्ही मोजले. यंत्रांवर आणि टेबलाशी मिळून नऊच होते. पण पलीकडे गोणपाटाचा एक पडदा होता आणि त्यामागून झाकणे आपटल्याचा आवाज येत होता. आम्ही पडदा बाजूला केला. दोन बायका झाकणे पुसून रचीत होत्या, दोन पोरगेले तरुण खोकी बांधीत होते.

“ते तुझ्या काकूच्या नावाचं वेगळं काम आहे,” अण्णा म्हणाले. “पॅकिंगचं.”

विजेची तार पडद्याच्या वरून पलीकडे गेली होती. मीटर एकच होता. अधिनियमाचे १०३ वे कलम आम्हांला तोंडपाठ होते : काम चालू असताना कारखान्यात जो कोणी आढळेल तो, जेवणाची वा विश्रांतीची वेळ सोडून, तेथे कामावर आहे असेच धरावयाचे, नसल्यास ते सिद्ध करण्याची जबाबदारी दुसऱ्याची. आम्ही काही बोललो नाही. अण्णाच बोलले.

“लायसन काढायचं तर नकाशा, दाखला, ही मुतारी तिकडे न्यायची, ते दार मोठं करायचं. मी नाही म्हणत नाही. पण तेवढ्यात मला दोन माणसं कमी करावी लागतील. कोणती दोन करू, ते तू सांग.”

या प्रश्नाला आजही आमच्याजवळ नीट उत्तर नाही. पण त्या दिवशी आम्ही लिहिले ते या प्रश्नामुळे, असे म्हणणे खरे होणार नाही. ते १९८१ च्या फीमुळे लिहिले. ‘निरीक्षणसमयी ९ व्यक्ती आढळल्या. अधिनियम लागू नाही.’ खाली सही आणि तारीख.

वेदान्तात दहा जणांचा एक दृष्टान्त सांगतात, तो वाचकांनी कीर्तनात ऐकला असेल. दहा जण नदी पार करतात, पलीकडे जाऊन मोजतात तर नऊच भरतात, कारण मोजणारा स्वतःला मोजावयाचे विसरतो. मग बुडालेल्या दहाव्यासाठी सगळे रडत बसतात. आम्ही नऊ मोजले तेव्हा काहीही विसरलो नव्हतो.

रात्री जेवताना वडिलांनी विचारले, “अण्णाकडे गेला होतास म्हणे. किती निघाले?” आम्ही सांगितले, नऊ. ते थोडा वेळ भात कालवीत राहिले. मग म्हणाले, “परवा मी तिथं बसलो होतो. चहा चौदा आले होते, माझा धरून.” पुढे तो विषय त्यांनी कधी काढला नाही.

१९९५ च्या ऑगस्टमध्ये खोकी बांधणाऱ्या त्या दोघांपैकी एकाच्या उजव्या हाताची तीन बोटे प्रेसखाली गेली. खरगोनकडचा एकोणीस वर्षांचा मुलगा. प्रेसवरचा माणूस गावी गेला होता म्हणून त्याला बसविले होते. प्रेसला पुढे जाळी नव्हती. ती जागा आमच्या दप्तरी कारखाना म्हणून असती तर यंत्राला आडोसा घालण्याची नोटीस पहिल्याच तपासणीत निघाली असती. अण्णांच्या पत्र्याच्या कात्रणांतूनसुद्धा ती जाळी झाली असती.

पण बोटांपुरतीच गोष्ट नव्हती. कर्मचारी राज्य विमा योजनेतही तेव्हा यंत्रशक्ती वापरणाऱ्या कारखान्यासाठी दहाचाच आकडा होता. त्या योजनेत असता तर त्या मुलाला कमाईची क्षमता जेवढी गेली असे ठरले असते त्या प्रमाणात जन्मभर दरमहा रक्कम मिळाली असती. त्याचा मामा विचारपूस करीत हिंडला. जागा योजनेखाली येते का, असा प्रश्न निघाला, आणि उत्तरादाखल जो कागद पुढे आला तो आमचाच होता. कारखाने खात्यानेच नऊ म्हटले आहे. मग अधिक पाहावयाचे काय?

आम्हांला त्याच दिवशी जाऊन पुन्हा मोजता आले असते. ‘मागील बारा महिन्यांत कोणत्याही एका दिवशी’, एवढेच कायदा मागत होता; त्या दिवशीचे खरे तेरा लिहिले असते तरी पुरे होते. पण मग १९९३ चे नऊ कोठून आले, असे कोणी विचारले असते. आम्ही अकरा दिवस गेलो नाही. बाराव्या दिवशी गेलो तेव्हा पडदा नव्हता, पलीकडची खोली झाडून रिकामी केलेली होती आणि माणसे खरोखरच नऊ होती. अण्णांनी मुलाला काही रक्कम देऊन कागदावर डाव्या हाताचा अंगठा घेतला होता. १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्यापुढे असा खाजगी कागद टिकत नाही, हेही आम्हांला ठाऊक होते. तेही आम्ही कोणाला सांगितले नाही.

पुढच्या वर्षी अण्णा स्वतः कार्यालयात आले. नकाशाची गुंडाळी, दाखला, चलान, सगळे बरोबर. कमाल कामगार संख्येच्या रकान्यात त्यांनी १३ लिहिले होते. मुतारी हलविली होती, दार बाहेर उघडणारे केले होते, दोन्ही प्रेसना जाळ्या बसल्या होत्या. त्यासाठी कर्ज काढले होते, पण माणूस एकही कमी केला नव्हता. तो मुलगा फाटकावर आणि झाकणांच्या मोजदादीवर परत आला होता. परवाना मिळाला तो त्यांनी गणपतीच्या तसबिरीशेजारी लावला. आमच्याशी ते पूर्वीसारखेच बोलत. केवळ ‘बस रे’ मधला ‘रे’ गेला होता.

त्यानंतर नूतनीकरणाचे कागद घेऊन दर ऑक्टोबरात तो मुलगाच येऊ लागला. मुलगा कसला, हळूहळू संसारी माणूस झाला. बाकावर बसून राहावयाचा, पाळी आली की डाव्या हाताने पोच-वहीत सही करावयाचा. अक्षर पहिल्या वर्षी वेडेवाकडे होते, पुढे चांगले वळणदार झाले. २००३ च्या सुमारास एकदा गर्दी नव्हती तेव्हा त्याने नवा परवाना हातात धरून विचारले, “साहब, ये कागज पहले होता तो क्या होता?”

आम्ही त्याला जाळीविषयी सांगितले. कोणत्या कलमाने ती बंधनकारक आहे, कशी असावी, बोट आत जाऊ नये म्हणून केवढी फट ठेवतात, सविस्तर सांगितले. जन्मभराच्या दरमहा रकमेविषयी काही सांगितले नाही. त्याने मान डोलावली आणि चहा घेऊन यायचा का म्हणून विचारले.

त्या प्रकरणानंतर आम्ही एक सवय लावून घेतली. कोणत्याही जागेत शिरण्यापूर्वी दाराबाहेरच्या चपला मोजावयाच्या, मग खुंटीवरचे जेवणाचे डबे, मग सायकली. माणसे सर्वांत शेवटी. माणसे मागच्या दाराने निघून जातात, चपला जात नाहीत. खात्यातील तरुण मुले आम्हांला यावरून हसत. पुष्कळ नवांचे आम्ही तेरा आणि सतरा केले, पुष्कळांचा रोष घेतला. त्यातून त्या एका शेऱ्याची भरपाई झाली, असे मात्र आम्ही कधी मानले नाही.

अण्णा २००९ साली गेले. त्यांचा मुलगा काम पाहतो. २०२५ च्या डिसेंबरात त्याचा फोन आला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही श्रमसंहिता लागू झाल्या होत्या, त्याची बातमी त्याने वाचली होती. नव्या संहितेत कारखान्याचा आकडा यंत्रशक्तीसह २० आणि तिच्याविना ४० आहे. राजस्थानाने हेच २०१४ साली करून ठेवले होते. निरीक्षकाचे नावही आता ‘निरीक्षक आणि सुविधाकर्ता’ झाले आहे. आमच्या वेळी सुविधा होती, ती नावात घालण्याची पद्धत नव्हती.

“काका, आता आपल्याला लायसन लागणार नाही ना? आपण अठराच आहोत.”

आम्ही त्याला सांगितले की, परवान्याचा आकडा वीस झाला तरी दहा काही नाहीसे झालेले नाहीत. आस्थापना म्हणून नोंदणी दहालाच आहे, राज्य विमाही दहालाच आहे. मग अठरांत कोण कोण धरलेस, ते विचारले. त्याने नावे वाचून दाखविली. त्या डावऱ्या सहीचे नाव त्यात नव्हते.

“ते होय? ते तर घरचेच झाले, काका. त्यांना कुठं धरायचं? पगारपत्रकावरून काढलंय दोन वर्षांपूर्वी. महिन्याचं हातात देतो.”

“आणि विमा?”

पलीकडून थोडा वेळ काही आवाज आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गेलो. तो फाटकावर होता. दाढी पांढरी झाली आहे. त्याने ओळखले, खुर्ची पुढे केली. आम्ही बसलो आणि १९९३ चा शेरा, १९९५ चे अकरा दिवस आणि ती जन्मभराची रक्कम, सगळे त्याला क्रमाने सांगितले. त्याने मध्ये काही विचारले नाही. शेवटी एवढेच म्हणाला, “अण्णाजी को मालूम था?” आम्ही म्हटले, अण्णांना विम्याचे कितपत माहीत होते ते सांगता येणार नाही, आम्हांला होते. तो उठून मालाची गाडी आत घ्यावयास गेला आणि बराच वेळ परत आला नाही.

दाराबाहेर चपलांचे एकवीस जोड होते. आत जाऊन अण्णांच्या मुलाला तेवढे सांगितले, त्याच्याकडून पगारपत्रक मागून घेतले, आणि यंदाचे चलान भरले आहे का, ते विचारले.